आधी ‘कधी’, मग ‘कुठे’

पोरा, जुन्या गाडीखालून आवाज येतो म्हणून गॅरेजच्या दारात आलेला प्रत्येक माणूस एकच विचारतो, “उस्ताद, कुठून येतोय हा?” त्याला लगेच उत्तर देऊ नकोस. आवाज चासीच्या लोखंडातून पळतो. मागच्या चाकातली घरघर ड्रायव्हरला सीटखाली ऐकू येते आणि गिअरबॉक्सची कुरकुर मागच्या बाकावरच्याला आपल्याच पायाखाली वाटते. तू आधी विचारायचं ते आवाज कधी येतो हे. उभ्या गाडीत की चालत्या? ॲक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर? सरळ रस्त्याला की वळणावर? रिकामी असताना की भरलेली असताना? एवढं ठरलं की निम्मी गाडी न खोलताच संशयातून सुटते.

मुंबईत 1940च्या दशकात महिंद्रांनी विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे कमांडर आली, 2000 साली बोलेरो आली. वरचा पत्रा बदलत गेला, खालची मांडणी मात्र ओळखीचीच राहिली : पुढे इंजिन, त्याला लागून क्लच आणि गिअरबॉक्स, तिथून मागे जाणारा शाफ्ट, शाफ्टच्या टोकांना क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट), मागे डिफरन्शियल, आणि मागचं ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर). रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत आपल्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्या बहुतेक याच घडणीच्या. ही ओळ कायम डोळ्यांपुढे ठेव. आवाज शोधायचे आपले आठ मंत्र त्याच ओळीने जातात.

पहिला मंत्र : धुतल्याशिवाय तपासू नको. पावसाळ्यात शेतरस्त्याने आलेल्या गाडीच्या रिमच्या आत आणि शाफ्टवर काळी माती थापली जाते. ती एका बाजूला वाळून बसली की चाकाचा आणि शाफ्टचा तोल जातो, गाडी ठराविक वेगाला थरथरते आणि मालकाला वाटतं डिफरन्शियल गेलं. आधी पाणी मार, रिम आतून खरवड, मग फेरी मारून पाहा.

दुसरा मंत्र : उभ्या गाडीत क्लच बोलतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेव, इंजिन चालू कर आणि कान दे. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घे, कारण क्लच दाबला की त्या शाफ्टचं फिरणं थांबतं. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंगकडे बघ. क्लच दाबला-सोडला तरी काहीच फरक पडत नसेल, तर आवाज इंजिनच्या बाजूचा. गाडी उभी असताना काहीच येत नसेल, तर मागे सरक.

तिसरा मंत्र : वेग तोच ठेव, गिअर बदल. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने तिसऱ्यात चालव, मग त्याच वेगाने चौथ्यात. इंजिनचे फेरे बदलले, पण शाफ्ट आणि चाकं तेवढीच फिरताहेत. आवाजाचा सूर गिअरबरोबर बदलला तर तो पुढचा, तसाच राहिला तर गिअरबॉक्सच्या मागचा. हे पाहण्यासाठी न्यूट्रल करायचं असेल तर सपाटीवरच. मेडशी-पातूरच्या घाटात उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, आवाज शोधण्यासाठीही नाही.

चौथा मंत्र : ओढताना वेगळा आणि सोडल्यावर वेगळा आवाज असेल तर डिफरन्शियल ऐक. क्राऊन आणि पिनियनचे दात जोर घेताना एका अंगाने घासतात, ॲक्सिलरेटर सोडला की दुसऱ्या अंगाने. म्हणून त्यांचा ‘ऊंऽऽ’ पाय दाबल्या-उचलल्याबरोबर बदलतो. बेअरिंगची घरघर एवढी बदलत नाही, ती वेगाबरोबर वाढत जाते. वळणावर वाढली तर हबचं बेअरिंग बघ : डाव्या वळणात भार उजव्या चाकावर जातो, तेव्हा आवाज वाढला तर दोष बहुतेक उजवीकडे. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्याबरोबर आवाजच पालटला, तर आधी टायर पाहा.

पाचवा मंत्र : फेरे मोज. हा माझ्या उस्तादांचा सगळ्यात आवडता. टायरवर आणि शाफ्टवर खडूची एकेक रेघ ओढ. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सपाट अंगणात दोघांनी हळू ढकला आणि तिसऱ्याने बाजूला उभं राहून रेघा पाहाव्यात, गाडीखाली शिरू नये. चाकाचा एक फेरा होईपर्यंत शाफ्ट साधारण चार-पाच फेरे घेतो. टकटक चाकाच्या फेऱ्याला एकदा येत असेल तर चाक, ड्रम, टायर या बाजूला शोध. चार-पाच वेळा येत असेल तर शाफ्ट, क्रॉस किंवा पिनियन. हळू चालताना चिक-चिक करणारा क्रॉस कोरडा पडलेला असतो. त्याच्या टोपीभोवती बोट फिरव, कुंकवासारखी लाल भुकटी बोटाला लागली तर आतल्या सुया ग्रीसवाचून गंजून झिजल्या आहेत. मग वरून ग्रीस मारून उपयोग नाही, क्रॉस बदलावाच लागतो.

सहावा मंत्र : गाडी जागची निघताना कड्कन वाजलं, तर हाताने ढिलाई शोध. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चारही चाकांना पुढून-मागून दगडाची उटी. हँडब्रेकवर विसंबू नकोस. विलिस घडणीच्या जुन्या जीपमध्ये तो चाकांना नाही, शाफ्टलाच लागतो, आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे गाडी सुटू शकते. आता शाफ्ट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे पिळ. क्रॉसच्या एका बाजूचा काटा (योक) हलतो आणि दुसरा हलत नाही, तर क्रॉस गेला. दोन्ही एकत्र हलतात आणि चाक जागचं हलत नाही, तर ढिलाई डिफरन्शियलच्या दातांत आहे. थोडी चाल तिथे असायचीच, तेवढ्यावरून खोलायला घेऊ नको. पाट्यांचे यू-बोल्टही पाना लावून बघ. ते ढिले असले की ॲक्सलच पुढेमागे सरकतं आणि नेमका तसाच ठोका देतं.

सातवा मंत्र : गाडीवर काय लादलं ते विचार. सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या फेऱ्या, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेची गर्दी. अशा भारासाठी मालक मागे एखादा जास्तीचा पाटा टाकून घेतो. त्याने गाडीचं बूड उचललं जातं आणि शाफ्टचा कोन बदलतो. वाकलेल्या कोनात क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. एका टोकाचा हा झटका दुसऱ्या टोकाचा क्रॉस भरून काढतो, पण दोन्हीकडचे कोन जुळले तरच. ते जुळले नाहीत तर रिकामी गाडी थरथरते आणि भरल्यावर शांत होते. अशा वेळी नवा क्रॉस टाकून काही होत नाही, पाट्यांकडे वळ. आणि शाफ्ट काढायच्या आधी सगळ्या जोडांवर खूण कर. सरकत्या जोडात शाफ्ट एक दात जरी फिरून बसला तरी दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत आणि नसलेला दोष तू स्वतः निर्माण करतोस.

आठवा मंत्र : ऑइल पाहिल्याशिवाय निकाल देऊ नको. डिफरन्शियलचं थोडं ऑइल पांढऱ्या कापडावर घे. त्यात फिरवलेल्या चुंबकाला राखाडी गाळ लागणं ही रोजची झीज. बोटाला टोचणारी कपची निघाली तर दात किंवा बेअरिंग फुटायला लागलंय. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. गाडी दौडून तापली आणि तशीच ओढ्यात घातली की डिफरन्शियलच्या आतली हवा एकदम आकसते आणि हवा ये-जा करण्याच्या ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर उलटं होतं, तापलेली हवा सीलमधून ऑइल बाहेर ढकलते आणि दात कोरडे पडतात. म्हणून पावसाळा संपला की ब्रीदर साफ करून ऑइल बदलायला प्रत्येक मालकाला सांग.

आणि हे सगळं करताना नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरू नकोस. चाक फिरवून ऐकायचं असेल तर ॲक्सल भक्कम स्टँडवर घे, लांब लाकडी दांडा हौसिंगला टेकवून दुसरं टोक कानाशी धर, पण सदरा, गमछा, हात फिरत्या शाफ्टपासून दूर.

हे एवढ्या कळकळीने सांगतो, कारण आपल्याकडे जुनी गाडी बहुतेकदा घराची रोजी असते. अंदाजाने डिफरन्शियल खोललं तर त्या घराचा आठवडा बुडतो आणि आवाज तसाच राहतो. दुरुस्ती झाल्यावर मालकाला शेजारी बसव, ज्या रस्त्याला आणि ज्या भाराला आवाज येत होता तिथेच गाडी ने, आणि काढलेला जुना भाग त्याच्या हातात दे. कधी एवढं करूनही आवाज सापडणार नाही. तेव्हा तसं स्पष्ट सांग, गाडी चालवणं धोक्याचं आहे की नाही तेवढं बघून दे आणि फक्त तपासणीचे पैसे घे. त्याच्या वहीत आवाज कधी येतो ते लिहून दे, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागणार नाही.