लॅपटॉप पडला की आतून फुगला?

प्रश्न : मुलगा बंगळुरूला शिकतो. त्याच्या लॅपटॉपचा तळ एका बाजूने उचलल्यासारखा दिसतो आणि टचपॅड दाबलं जात नाही. तिथल्या दुकानदाराने वरवर पाहूनच सांगितलं, "पडलाय, वॉरंटीत बसणार नाही." मुलगा म्हणतो, पडलेला नाही. त्याने फोटो पाठवलेत. इथे बसून आम्हाला खरं काय ते कळू शकेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बरंचसं कळू शकेल. पण आधी मुलाला फोन करा. लॅपटॉप बंद करून चार्जर काढायला सांगा आणि निकाल लागेपर्यंत तो पुन्हा चालू करू नकोस, असं बजावा. टचपॅड घट्ट होणं आणि तळ उचलला जाणं, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की पहिला संशय बॅटरीवर घ्यायचा.

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या आणि मनगटं टेकतात त्या भागाच्या खालीच असते. लिथियम-आयनचे हे चपटे सेल पातळ पाकिटात बंद केलेले असतात. वय, उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज ठेवणं यांमुळे आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि पाकीट पुरीसारखं फुगतं. आत मोकळी जागा नसते, म्हणून ते टचपॅडला वर आणि तळाला खाली ढकलतं. हे सॉफ्टवेअरला दिसत नाही. त्याला व्होल्टेज, करंट, तापमान मोजता येतं, बॅटरीचा आकार नाही. त्यामुळे दुरून स्क्रीन पाहून केलेली तपासणी इथे उपयोगाची नाही. काम मुलाच्या डोळ्यांनी आणि त्याच्या फोनच्या कॅमेऱ्यानेच करावं लागेल.

फोटोत शोधायचं ते एवढंच : जोर बाहेरून आला की आतून? लॅपटॉप पडला असेल, तर बहुधा एखादा कोपरा साक्ष देतो. धातू चेपतो, प्लास्टिक खरवडतं किंवा पांढुरकं पडतं, आणि चीर त्या कोपऱ्यापासून आत धावते. बॅटरी फुगली असेल, तर कोपरे आणि कडा स्वच्छ असतात, फुगवटा मधोमध किंवा पुढच्या कडेला असतो. तिसरी शक्यता बिजागरीची. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत असतात. बिजागरी घट्ट झाली, किंवा झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडलं, की ते नट उपटून येतात. तेव्हा फट बिजागरीपाशीच पडते आणि झाकण उघडताना रुंदावते.

समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसणार नाही. मुलाला खोलीतला दिवा बंद करायला सांगा. दुसऱ्या फोनचा टॉर्च लॅपटॉपच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला, की सावलीमुळे बारीक फुगवटा आणि पोचे उठून दिसतात. मग स्टीलची पट्टी तळावर आडवी टेकवून, कॅमेरा पट्टीच्या पातळीवर आणून फोटो घ्यायचा. पट्टी मध्यभागी टेकून टोकांशी उचलली गेली, तर तळ फुगला आहे. लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो का, याचा छोटा व्हिडिओ आणि झाकण बंद करून चारही कडांचे फोटोही मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो आकुंचन पावतात आणि बारीक चिरा पुसट होतात. फुगवटा दाबून सपाट करायचा मोह मात्र कोणालाही होऊ देऊ नका. पाकीट फाटलं तर आग लागू शकते. गोडसर, रसायनासारखा वास आला किंवा लॅपटॉप गरम लागला, तर खोलीबाहेर पडायचं.

न पडताही केस तडकते, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 2006 मध्ये आलेल्या पांढऱ्या मॅकबुकच्या मनगटाकडच्या कडेला अनेकांना सारखीच चीर दिसू लागली. झाकणाच्या कडेचे बारीक उंचवटे बंद करताना नेमके तिथे टेकत होते. अ‍ॅपलने ते भाग पुढे विनामूल्य बदलून दिले. म्हणून मुलाच्या मॉडेलमध्ये इतरांनाही हाच त्रास झाला आहे का, हे जरूर शोधा.

मदरबोर्डला तडा गेला आहे का, हे फोटोवरून कळणार नाही. त्यासाठी लॅपटॉप उघडावाच लागेल, पण तोही अधिकृत सेवा केंद्रात, घरी नाही. न उघडता "पडलाय" म्हणणाऱ्याचं मत मी तरी निर्णय म्हणून स्वीकारणार नाही. केंद्रात देण्यापूर्वीचे फोटो तारखेसह जपा आणि नकार मिळालाच तर कारण लेखी मागा. बिलाची तारीखही पाहा, कारण बॅटरीची वॉरंटी पुष्कळदा वर्षभराचीच असते.

आणि हो, तो लॅपटॉप कुरिअरने साताऱ्याला मागवू नका. सुट्टीत विमानाने येणार असेल, तर सोबतही आणू देऊ नका. फुगलेल्या लिथियम बॅटरीला विमानात मनाई आहे. काम बंगळुरूतच करून घ्या, आणि काढलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता सेवा केंद्रातच जमा करायला सांगा.