टीम तळाला गेली की आधी वय मोजा

व्हिडिओत कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकीचं उदाहरण दिलं होतं, पण वेळेअभावी ते अर्धवटच राहिलं. म्हणून इथे नीट सांगतो.

ही बर्फावरची हॉकी. तिथल्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये मुलं साधारण 16 ते 20 वर्षांची असतात आणि 20 वर्षांचे खेळाडू एका संघात जास्तीत जास्त तीनच ठेवता येतात. म्हणजे पोरगा कितीही गुणी असला तरी चार-पाच वर्षांत तो जाणारच. पगार वाढवून थांबवायची सोयच नाही! तुमच्या दुकानात काम शिकून दोन वर्षांत निघून जाणारी मुलं आठवली ना?

आता क्यूबेकमधल्या रिमुस्की या छोट्या शहराचा संघ बघा. 2000 साली त्यांनी मेमोरियल कप जिंकला, ज्युनियर हॉकीतला सगळ्यात मोठा. पण 2002-03 च्या हंगामात 72 सामन्यांत विजय किती? फक्त 11. तळाला गेल्यामुळे नव्या मुलांच्या निवडीत पहिला नंबर त्यांना मिळाला आणि त्यांनी सिडनी क्रॉस्बीला घेतलं. 2005 मध्ये ते लीग जिंकून पुन्हा मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यात पोचले. तिथे लंडन नाइट्सकडून हरले, ते सोडा.

तुम्ही म्हणाल, नशीब! खरंय, क्रॉस्बी रोज मिळत नाही. मला जास्त शिकवतो तो दुसरा मुलगा, मार्क-अँत्वान पुलिओ. हा त्या 11 विजयांच्या संघातही होता, तेव्हा वय 17. 2004-05 मध्ये याच मुलाने गोल आणि गोलसाठीचे पास मिळून शंभरावर गुण केले. हरणाऱ्या टीममधला प्रत्येकजण टाकाऊ नसतो. कोणी कच्चा असतो आणि कोणी खरंच संपलेला असतो. निकालाच्या तक्त्यात दोघं सारखेच दिसतात.

म्हणून व्यवस्थापक पहिल्यांदा वयाचा तक्ता मांडतो. जानेवारीच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्याआधी त्याला स्वतःशी खरं बोलावं लागतं: यंदा जिंकायचं आहे, की दोन वर्षांनी? यंदा जमणार नसेल तर 19-20 वर्षांचा चांगला खेळाडू जिंकू पाहणाऱ्या संघाला द्यायचा आणि बदल्यात लहान मुलं किंवा पुढच्या निवडीचे हक्क घ्यायचे. सगळ्यात वाईट कोण? मधला. जो पोरही देत नाही आणि जिंकतही नाही. हंगाम संपल्यावर तो खेळाडू वयामुळे फुकटच जातो.

कोच मात्र याला कुरकुर करणार, कारण त्याला शनिवारचा सामना जिंकायचा असतो. त्याचंही चुकत नाही. म्हणून हा निर्णय त्याच्यावर टाकायचा नाही, पण त्याच्यापासून लपवायचाही नाही.

मग त्या 20 वर्षांच्या तीन जागांचं काय करायचं? माझ्या मते, जिथे पोरांची चूक सगळ्यात महाग पडते तिथे त्या वापराव्यात: गोलकीपर, बचाव. तुमच्याकडे कदाचित गल्ला किंवा कढई असेल.

आणि एक गोष्ट, कागदावर न दिसणारी. यातली बरीच मुलं घरापासून लांब, दुसऱ्या कुटुंबात राहून तिथल्याच शाळेत जातात. अदलाबदल झाली की 17 वर्षांच्या मुलाचं घर आणि शाळा वर्षाच्या मध्यात सुटते. ही बातमी त्याला फोनवर दुसऱ्याकडून कळली, तर संघात उरलेली मुलंही तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. समोर बसवून, कारण देऊन सांगा.

आता तुमचा गृहपाठ. वही घ्या. प्रत्येक माणसासमोर लिहा: हा माझ्याकडे अजून किती दिवस राहील, आणि त्याचं काम आज कोण शिकतंय? दुसरा रकाना रिकामा राहिला ती नावं कॉमेंटमध्ये नको, फक्त आकडा टाका. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.