कंबरेत इंजेक्शन घ्यायचं ठरलं तर

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहा. मणक्यांमधली गादी झिजून निव्वळ कंबर दुखत असेल, तर मणक्यात नसांभोवती दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या ‘एपिड्युरल’ इंजेक्शनाचा फारसा उपयोग होत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2016 मध्येच अशा कंबरदुखीला मणक्यात इंजेक्शन देऊ नये असं सांगितलं. नव्याने उठलेल्या असह्य सायटिकासाठी, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या कळेसाठी, मात्र वाट मोकळी ठेवली. 2025 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या तज्ज्ञगटाने तर जुनाट दुखण्यात, कळ पायात जात असली तरी, ही इंजेक्शनं नकोत म्हटलं. अनेक वेदनातज्ज्ञांना ते पटलेलं नाही. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: माझी कळ कुठल्या नसेची, आणि एमआरआयमध्ये तीच नस दबलेली दिसते का? नुसत्या ‘गादी झिजली’ या शेऱ्यावर होकार देऊ नका. पन्नाशीनंतर काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही झीज दिसते.

ठरलंच, तर औषधांची यादी द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारा. ताप किंवा कुठला जंतुसंसर्ग असल्यास तारीख पुढे ढकला. मधुमेह असेल तर नंतरचे काही दिवस साखर चढते, घरी तपासत राहा.

टेबलावर पालथं झोपवून कातडी बधिर करतात. सी-आर्मच्या एक्स-रेखाली सुई नेतात, रंगद्रव्य सोडून जागेची खात्री करतात, मग औषध देतात. औषध जाताना पायात ओळखीची कळ उठू शकते. हलू नका, तोंडाने सांगा.

त्या दिवशी गाडी चालवू नका. पाय बधिर असू शकतो. भूल उतरली की दुखणं परततं, घाबरू नका. स्टिरॉइडला दोन दिवसांपासून आठवडाभर लागतो. आराम पडला तर तो काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. औषध नसेची सूज उतरवतं, गादी भरून काढत नाही. म्हणून याच काळात फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आणि चालणं सुरू करा. पहिल्या इंजेक्शनाने काहीच फरक पडला नसेल, तर ‘तीन इंजेक्शनांचा कोर्स’ पुरा करण्याच्या आग्रहाला नाही म्हणा.

ताप, उठून बसताच ठणकणारं डोकं, पायातली वाढती अशक्तता, जांघेतला बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यांतलं काहीही जाणवलं तर सकाळची वाट न पाहता इस्पितळात जा.