पवनाकाठी मोठा तंबू : खर्च किती, भरवसा किती?

पाच मिनिटांत उभा राहणारा, सहा-आठ जणांचा, आत ताठ उभं राहता येईल असा तंबू दुकानात कुणालाही आवडतो. पवना धरणाच्या काठावर मात्र त्याची परीक्षा वारा घेतो. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला वाटेत काहीच नसतं.

वाऱ्याचं गणित
वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. उभ्या भिंतींचा सहा फुटी तंबू हा दाब पूर्ण अंगावर घेतो. बुटक्या घुमटाकार तंबूवरून वारा बराचसा निसटून जातो. शिवाय झटपट तंबूच्या काड्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात आणि जोराचा वारा आधी तिथेच घाव घालतो. फायबरच्या काड्या तडकतात, ॲल्युमिनियमच्या वाकतात. वाकलेल्या काडीवर निदान रात्र निभावते. वाऱ्याला टिकण्याचा लेबलवरचा आकडा सगळ्या दोऱ्या ताणून बांधल्या तरच खरा. म्हणजे उभारणीत वाचलेली मिनिटं दोऱ्या बांधण्यात घालवावीच लागतात.

ढोबळ खर्च
- दोघांचा घुमटाकार तंबू : 2,500 ते 4,000 रुपये
- तीन-चार जणांचा झटपट तंबू, चांगल्या कंपनीचा : 7,000 ते 12,000
- मोठा कौटुंबिक तंबू : 15,000 ते 40,000
- जादा दोरी, लांब लोखंडी खुंट्या, खाली अंथरायची ताडपत्री : 1,000 ते 1,500
- पवनाकाठच्या कॅम्पवर जेवण-नाश्त्यासह मुक्काम : माणशी सुमारे 1,000 ते 1,500; शनिवार-रविवारी जास्त

चौघांच्या कुटुंबाला कॅम्पची एक रात्र साधारण पाच हजारांना पडते. वर्षातून एकदाच जाणार असाल, तर तंबू विकत घेऊ नका. वारंवार जाणार असाल, तर एका मोठ्या तंबूपेक्षा दोन छोटे घ्या. एकाची काडी मोडली, तरी दुसऱ्यात सगळ्यांना दाटीवाटीने बसता येतं.

जागा आणि वेळ
मावळात मुरमाड जमिनीत खुंटी शिरत नाही आणि काठच्या ओल्या मातीत ती टिकत नाही. दोन्हीकडे दोरीला मोठा दगड बांधा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवा. एकट्या झाडाखाली किंवा उघड्या टेकाडावर तंबू लावू नका. मोठ्या तंबूसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वादळ बघता बघता येतं, वाऱ्याची दिशाही बदलते. पावसाळ्यात लोणावळ्याच्या कड्यांवर तर तंबूचा विचारच नको. लोहगड-विसापूर ही संरक्षित स्मारकं आहेत. तिथे मुक्काम गृहीत धरू नका.

कॅम्पवाल्याला विचारा
वादळ आलं तर आम्हाला हलवायला पक्की खोली आहे का? तंबूला सगळ्या बाजूंनी दोऱ्या आहेत का? पैसे परत मिळण्याची अट काय? उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

छत्री सांभाळणं कठीण होईल इतका वारा सुटला, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास, की मोठा तंबू रिकामा करून आडवा पाडा. विजा कडाडत असतील तर तंबूचं राहू द्या, आधी गाडीत किंवा पक्क्या घरात जा.

पैसे खर्चायचेच असतील तर आतल्या ऐसपैस जागेवर नको, काड्या आणि दोऱ्यांवर खर्चा.