खिशातील चाकूची निगा

चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत कोयता, विळी, अडकित्ता आणि मिटता चाकू ही हत्यारे नित्याच्या उपयोगाची आहेत. कोयत्याचे किंवा विळीचे पाते उघडे असते. त्यावर गंज चढला तर तो तत्काळ दृष्टीस पडतो. मिटत्या चाकूचा गंज मात्र पात्याच्या बुडाशी, मुठीच्या पोकळीत, डोळ्यांआड वाढतो. म्हणून आम्ही येथे त्या झाकलेल्या भागाचाच विचार करणार आहोत.

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज उत्पन्न होतो. मीठ या क्रियेस वेग देते. आणि पश्चिमेस समुद्र व दक्षिणेस कुंडलिकेची खाडी असल्यामुळे येथील वाऱ्यातच मीठ असते. शिवाय कैरीचा आंबट रस पोलादास खातो. 1913 साली शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले. परंतु खाऱ्या ओलीने त्यासही बारीक खड्डे पडू शकतात.

आता चाकू खोलण्याविषयी. हे काम विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांच्या देखत करावे. मूठ ठोकून बसविलेल्या खिळ्यांची असेल, तर ती उकलू नये. आतील कमान ताणलेली असते व खिळे एकदा काढले की पूर्ववत बसविणे कारागिराचेच काम होय. स्क्रूची मूठ असेल, तर प्रथम धारेवर जाड कापड गुंडाळावे. नंतर नेमक्या मापाच्या पेचकसाने एकेक स्क्रू काढून, ज्या क्रमाने भाग निघतील त्याच क्रमाने ते पांढऱ्या फडक्यावर मांडावेत. पात्याच्या आसाजवळील पातळ चकत्या विशेष जपाव्यात. त्या हरवल्यास पाते डुगडुगते.

धातूचे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. लाकडी वा शिंगाची मूठ पाण्यात बुडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी. आसावर शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल येथे घरोघरी असते, पण ते थंडीत थिजते व कालांतराने खवट होते. ते सांध्यात घालू नये. फळे कापावयाच्या पात्यावर मात्र त्याचा पातळ हात फिरविण्यास हरकत नाही. जोडणी उलट क्रमाने करावी. आसाचा स्क्रू इतकाच आवळावा की पाते सहज फिरेल, पण आडवे हलणार नाही.

न खोलता येणारा चाकू उघडून, सांध्यातील घाण मऊ कुंचल्याने व काडीने काढावी आणि तेथे तेल सोडावे.

धार लावताना कोन सारखा ठेवावा. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंशांचा कोन मिळतो. घरगुती चाकूस तो पुरेसा आहे.

बोथट चाकूस जोर अधिक लावावा लागतो, आणि तो निसटला म्हणजे बोट कापते. खटका सैल असेल तर पाते हातावरच मिटते. धनुर्वात गंजाने होतो असा समज आहे. वस्तुतः माती व शेणातील जंतू जखमेत शिरल्याने तो होतो. यास्तव जखम धुऊन वैद्यकीय सल्ला घ्यावा. पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलाच्या हाती चाकू देण्यापूर्वी त्याचा सांधा व खटका एकदा स्वतः पाहावा.