पाप कोणाचें? व्यंग असलेल्या बालकाच्या आईबापांसाठीं व त्यांच्या मंडळीसाठीं एक पाठ

शास्त्रभाग : योहान ९:१-४१, ईयोब २:११-१३ व ४२:७, २ शमुवेल ४:४ व ९:१-१३.



खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देत असतां एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. उपासनेची घंटा होते, घरोघरचीं माणसें मंदिरांत जमतात, परंतु एखाद्या घरची आई मात्र येत नाहीं. चौकशी केली असतां कळतें कीं, तिच्या घरीं चालूं न शकणारें, बोलूं न शकणारें, किंवा वयानें वाढूनहि बुद्धीनें न वाढलेलें मूल आहे. तें प्रार्थनेच्या मध्येंच ओरडतें, लोक वळून पाहतात, म्हणून तिनें येणें सोडलें.

अशा घराविषयीं आजचा पाठ आहे. तो मी दुरून लिहीत नाहीं. माझा धाकटा मुलगा बारा वर्षांचा आहे. जन्मतांच तो रडला नाहीं. त्याच्या मेंदूस प्राणवायु मिळण्यास विलंब झाला. त्याला चालतां येत नाहीं, बोलतां येत नाहीं, आणि अद्याप घास भरवावा लागतो. मी आंत उपदेश करीत असें, तेव्हां त्याची आई त्याला मांडीवर घेऊन मंदिराच्या बाहेर ओट्यावर बसे. असें सहा वर्षें चाललें. आणि मी मंडळीचा पाळक असून त्यांत कांहीं वावगें आहे हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. त्या ओट्यानें मला जें शिकविलें तें आज आपणांपुढें ठेवितों.

१. शिष्यांचा प्रश्न

प्रभु येशू व त्याचे शिष्य वाटेनें जात असतां त्यांना एक जन्मांध मनुष्य दिसला. शिष्यांनीं त्याचें नांव विचारलें नाहीं, तो जेवला कीं नाहीं हें विचारलें नाहीं. त्यांनीं गुरूला एवढेंच विचारलें कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें?

हा प्रश्न आमच्याहि ओळखीचा आहे. शेजारीण म्हणते, मागच्या जन्मींचें कांहीं असेल. सासू म्हणते, ग्रहणांत हिनें विळी हातीं धरली. दुसरा म्हणतो, दृष्ट लागली. आम्ही ख्रिस्ती झालों तेव्हां ह्या समजुती टाकल्या असें म्हणतों. परंतु पुष्कळदां आम्ही त्यांवर नवें वस्त्र मात्र चढवितों. मग तेंच बोलणें असें होतें : घरांत कोणाचें तरी गुप्त पाप असेल, आईबापांचा विश्वास उणा असेल, नाहींतर प्रार्थनेनें मूल बरें झालें असतें.

प्रभूचें उत्तर स्पष्ट आहे. ह्यानें पाप केलें म्हणून नव्हे, आणि ह्याच्या आईबापांनीं केलें म्हणूनहि नव्हे. ज्या घरांत असें मूल आहे त्या घराच्या दारावर हा निकाल लिहून ठेवावा.

पुढील वाक्याविषयीं मात्र पुष्कळांच्या मनांत खळबळ होते. देवाचीं कामें दिसावीं म्हणून हा आंधळा जन्मला, असा त्याचा अर्थ बहुधा सांगतात. बाप ह्या नात्यानें मी हें वाचीत असें तेव्हां माझें अंतःकरण म्हणे, हें कसें? आपलें काम दाखविण्यासाठीं देव तान्ह्या बालकाचे डोळे घेतो काय? येथें वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हें नव्हतीं. तीं पुढें घालण्यांत आलीं. म्हणून कांहीं भाष्यकार तिसऱ्या वचनाचा शेवट चवथ्यास जोडून वाचितात. तसें वाचिलें असतां आशय असा होतो : पाप ह्याचें नव्हे व आईबापांचें नव्हे, परंतु देवाचें काम ह्याच्या ठायीं दिसावें म्हणून दिवस आहे तोंवर आपणांस काम केलें पाहिजे. ह्या वाचनांत अंधत्वाचें समर्थन नाहीं. तेथें कामाची आज्ञा आहे. दोन्ही वाचनें मान्यवरांनीं केलीं आहेत. परंतु प्रभूनें पुढें काय केलें ह्याविषयीं वाद नाहीं. तो बोलून थांबला नाहीं, तर वांकला आणि त्यानें मातीचा लेप केला.

त्याच अध्यायांत त्या मनुष्याच्या आईबापांना परूशांनीं बोलावून उलटतपासणी केली, आणि सभास्थानांतून घालवितील ह्या भयानें तीं बिचारीं जपून बोललीं. मूल व्यंग असलेलें, आणि साक्षीच्या पिंजऱ्यांत आईबाप! दोन हजार वर्षें होत आलीं, तरी तो पिंजरा रिकामा झाला नाहीं.

२. ईयोबाचे मित्र

ईयोबाचे तीन मित्र आले आणि सात दिवस त्याच्यापाशीं जमिनीवर मुकाट्यानें बसले. तोंवर ते उत्तम मित्र होते. नंतर त्यांनीं तोंड उघडलें. दुःख आहे म्हणजे दोष असलाच पाहिजे, हें त्यांच्या सर्व भाषणांचें सार होय. ईयोब मात्र म्हणत राहिला कीं, हें न्याय्य नाहीं. ग्रंथाच्या शेवटीं देव कोणावर रागावला? तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू राखण्यासाठीं खोटें बोलणाऱ्या मित्रांवर.

म्हणून ज्या आईबापांना आपल्यावर अन्याय झाला असें वाटतें त्यांनीं तें देवापुढें बोलण्यास भिऊं नये. शेजारचें मूल अंगणांत धांवतें आणि आपलें खाटेवर पडून राहतें, ह्यांत न्याय दाखवितां येईल असें मला वाटत नाहीं. आणि सांत्वनास जाणाऱ्यांनीं, तुम्ही बळकट म्हणून देवानें तुम्हांलाच निवडलें, असें म्हणूं नये. मीहि अशीं वाक्यें दुसऱ्यांच्या घरीं बोललों आहें. माझ्या घरीं तीं ऐकावीं लागलीं तेव्हां त्यांची चव कळली.

३. कारण आणि दोष

मग ‘कां’ हा प्रश्न विचारूंच नये काय? विचारावा, परंतु कारण शोधणें निराळें आणि दोषी शोधणें निराळें. ह्याचें एक खरें उदाहरण देतों.

पर्ल बक ह्या अमेरिकन लेखिकेचे आईबाप चीन देशांत प्रेस्बिटेरियन मिशनरी होते, व तिचें बालपण तेथेंच गेलें. १९२० सालीं तिला एक कन्या झाली. मूल दिसण्यांत सुंदर होतें, परंतु त्याची बुद्धि वाढेना. आई तिला घेऊन एका वैद्याकडून दुसऱ्याकडे गेली. अखेर अमेरिकेंतील एका मोठ्या रुग्णालयांत एका डॉक्टरानें तिला एकीकडे घेऊन स्पष्ट सांगितलें कीं, ही मुलगी कधींहि बरी होणार नाहीं. तें सत्य कठोर होतें. तरी खोटी आशा न दिल्याबद्दल ती त्याची ऋणी राहिली. मुलीच्या पोषणाची कायमची तरतूद व्हावी ही तिच्या लेखनामागची एक मोठी निकड होती. १९३८ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें. पण मुलीविषयीं उघडपणें पुस्तक लिहावयास तिला १९५० साल उजाडावें लागलें.

त्याच काळांत नॉर्वे देशांत बोर्ग्नी एगेलंड नांवाची एक आई होती. तिचीं दोन्ही मुलें अशींच, आणि त्यांच्या अंगास एक चमत्कारिक वास येई. तिला पुष्कळांनीं परत पाठविलें, परंतु ती विचारीत राहिली. १९३४ सालीं आस्ब्यॉर्न फॉलिंग ह्या डॉक्टरानें त्या मुलांचें मूत्र तपासलें आणि त्यांत एक असा पदार्थ सांपडला कीं जो तेथें असावयास नको. अन्नांतील प्रथिनांचा एक अंश ह्या मुलांच्या शरीरांत मोडला जात नाहीं. तो सांचतो आणि मेंदूस बाधतो. ह्या विकारास फिनाइलकीटोन्यूरिया म्हणतात. तो होण्यास आई व बाप ह्या दोघांकडूनहि तो गुण यावा लागतो. ती दोघें स्वतः निरोगी असतात आणि त्यांना त्याची कल्पनाहि नसते. पर्ल बकच्या कन्येसहि हाच विकार होता, हें पुष्कळ वर्षांनीं कळलें.

ह्या विकारावर विशेष आहाराचा उपाय १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें रॉबर्ट गथ्री ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें नवजात बालकाच्या टांचेंतील रक्ताच्या थेंबावरून तो ओळखण्याची सोपी परीक्षा काढली. गथ्रीचा स्वतःचा एक मुलगा बुद्धीनें मंद होता, आणि त्याच्या एका भाचीस हाच विकार होता. आज अनेक देशांत ही परीक्षा जन्मतांच होते, आणि वेळींच आहार मिळालेलीं मुलें इतरांसारखीं वाढतात.

येथें घाई करून असें म्हणूं नका कीं, पुढचीं मुलें वांचावीं म्हणून तीं दोन मुलें तशीं जन्मलीं. त्या नॉर्वेच्या मातेस असें कोणी सांगितलें असतें तर तिनें त्याला दाराबाहेर काढलें असतें, आणि तें योग्यच झालें असतें. तिच्या मुलांना त्या शोधाचा उपयोग झाला नाहीं. उपाय फार उशिरां आला. तें दुःख दुःखच राहिलें. परंतु तिनें कोणावर दोष ठेवला नाहीं; तिनें कारण विचारलें, आणि तिच्या प्रश्नाला हात लाभले. दुःखाला अर्थ आधींपासून चिकटलेला नसतो. प्रीतीनें केलेल्या कामांतून तो मागाहून येतो, असें मला वाटतें.

४. राजाच्या पंक्तीस

आमच्या मुलांपैकीं पुष्कळांना शिलोहाच्या तळ्यावरून डोळस होऊन परतण्याचें भाग्य नाहीं. त्यांच्यासाठीं शास्त्रांत दुसरी एक कथा आहे. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पांच वर्षांचा असतां युद्धाची वाईट बातमी आली; दाई त्याला उचलून पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनीं लंगडा झाला. येथें कोणाचें पाप? दाईचें नव्हे; ती तर त्याला वांचवीत होती.

बाप मेला. आमच्यासारख्या आईबापांच्या मनांतील अगदीं खोलचा प्रश्न हाच : आम्ही गेल्यावर ह्याचें कोण? मीं रात्रीं अंथरुणावर हा प्रश्न किती वेळां विचारला हें देवच जाणे. योनाथानाच्या मुलाचें पुढें काय झालें? त्याच्या मित्रानें, दावीदानें, जुना करार स्मरून त्याचा शोध केला आणि आपल्या पंक्तीस त्याला कायमची जागा दिली. त्या अध्यायाच्या शेवटल्या वचनांत दोन गोष्टी शेजारीं शेजारीं आहेत : तो राजाच्या पंक्तीस नित्य जेवी, आणि तो दोन्ही पायांनीं लंगडा होता. पाय बरे झाले नाहींत. जागा मात्र मिळाली.

आमच्या मंडळींतील एका वृद्ध विधवेनें एका रविवारीं ओट्यावर जाऊन माझ्या मुलाला उचललें व पहिल्या ओळींत आणून बसविलें. तो ओरडला. ती म्हणाली, “ओरडूं दे, पाळकसाहेब, आम्ही गातों तेव्हां आमचे तरी सूर कुठं जुळतात?” त्या दिवसापासून त्याची आई उपासनेस आंत बसते.

५. करावयाचीं कामें

उपदेशकांनीं ह्या गोष्टी आपल्या गांवांत समजावून सांगाव्या.

(अ) मूल वेळेवर मान धरीत नाहीं, बसत नाहीं, आवाजाकडे वळत नाहीं असें दिसतांच थांबूं नये. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडींत व शाळेंत मुलांची तपासणी होते. लवकर आरंभिलेल्या व्यायामानें व शिक्षणानें पुष्कळ साधतें.

(आ) २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यांत २१ प्रकारचीं व्यंगें मानलेलीं आहेत. व्यंग शेंकडा ४० किंवा अधिक ठरल्यास ६ ते १८ वर्षांच्या मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र व ओळखपत्र काढण्यास आईबापांबरोबर कोणी तरी जावें. वाढलेलें मूल कडेवर घेऊन एस.टी.नें जिल्ह्याचें ठिकाण गांठणें एकट्या आईचें काम नव्हे.

(इ) मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व बहुविध व्यंग ह्यांसाठीं १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वयें १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमतां येतो, व ‘निरामय’ योजनेंत वर्षास १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे.

(ई) प्रत्येक मंडळीनें अशा एका घराशीं दावीदाचा करार करावा. आठवड्यांतून एक दुपार मूल सांभाळावें, म्हणजे आईला झोंप मिळेल. हें लहान काम नव्हे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या गांवांत अशीं घरें किती आहेत? त्यांतील मुलांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत काय?
२. ईयोबाच्या मित्रांनीं पहिल्या सात दिवसांत काय बरोबर केलें?
३. कारण शोधणें व दोषी शोधणें ह्यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.
४. आपल्या मंदिराच्या ओट्यावर कोण बसलें आहे? ह्या रविवारीं त्याला आंत कोण आणील?