बंद कारखान्यांचे पुनरुज्जीवन : सोव्हिएतोत्तर देशांचा अनुभव आणि तेरणाकाठचा धडा

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरणेच्या काठी उद्योगधंद्यांचा उदय आणि अस्त ही काही नवी गोष्ट नाही. नदीकाठचे तेर हे गाव म्हणजे प्राचीन काळचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगराचा उल्लेख आढळतो. येथील जाडेभरडे कापड व तलम वस्त्रे गाड्यांतून भडोच बंदरास जात आणि तेथून पश्चिमेकडील देशांत पोहोचत. पुढे रोमन व्यापार ओसरला, दूरची बाजारपेठ तुटली आणि तगरचे वैभव मावळले. तेरच्या पुराणवस्तुसंग्रहालयातील मृण्मूर्ती व मणी आज त्या वैभवाची साक्ष देतात.

तेरपासून जवळच असलेल्या ढोकी येथे आपल्या काळात तोच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा मराठवाड्यातील जुन्या सहकारी कारखान्यांपैकी एक होय. हजारो सभासदांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला हा कारखाना एका दशकाच्या आसपास बंद राहिला आणि अलीकडे पुन्हा सुरू झाला. बंद पडलेला उद्योग पुन्हा कसा उभा राहतो आणि उभा राहिल्यावर कशाच्या बळावर टिकतो, हे समजून घेण्यासाठी १९९१ नंतर याच संकटातून फार मोठ्या प्रमाणावर गेलेल्या देशांचा अनुभव उपयोगी पडेल.

एका साखळीचे तुटणे

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्याचे विसर्जन झाले व त्यातून पंधरा स्वतंत्र देश निर्माण झाले. या देशांतील उद्योगांची रचना एकाच मध्यवर्ती योजनेनुसार झालेली होती. एका प्रजासत्ताकात खनिज, दुसऱ्यात पोलाद, तिसऱ्यात यंत्राचे सुटे भाग आणि चौथ्यात जोडणी, अशी विभागणी असे. कोणी काय बनवावे, कोणास द्यावे आणि कोणत्या किमतीस द्यावे, हे मॉस्को येथील योजना मंडळ ठरवी. संघराज्य विसर्जित होताच या साखळीच्या कड्यांमध्ये सीमा, जकाती आणि निरनिराळी चलने आली. पूर्व युरोपीय देशांशी होणारा व्यापार ज्या परस्पर साहाय्य मंडळामार्फत चाले, तेही १९९१ मध्येच बरखास्त झाले होते.

जानेवारी १९९२ मध्ये रशियाने बहुतेक वस्तूंच्या किमती नियंत्रणमुक्त केल्या. त्या वर्षी तेथील महागाई पंचवीसपटींच्या घरात गेली. लोकांची आयुष्यभराची बचत नाहीशी झाली. कारखान्यांजवळ खेळते भांडवल उरले नाही. १९९८ पर्यंत रशियाचे औद्योगिक उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. जॉर्जिया व मोल्दोव्हा या देशांतील घसरण याहूनही खोल होती. कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकत आणि काही ठिकाणी पगाराऐवजी कारखान्यातील मालच हाती ठेवला जाई. या आपत्तीचे मोजमाप केवळ टनांत व रूबलांत होत नाही. रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९१ मध्ये सुमारे ६३ वर्षे होते. ते १९९४ पर्यंत ५८ वर्षांच्याही खाली गेले.

याची झळ भारतासही लागली. १९५३ पासून भारत व सोव्हिएत संघराज्य यांचा व्यापार रुपयाच्या हिशेबाने चाले. ती व्यवस्था मोडताच चहा, लोकरीचे विणकाम आणि औषधे यांच्या निर्यातदारांची हमखास बाजारपेठ एकाएकी आटली. दोन हजार वर्षांपूर्वी तगरचे जे झाले, त्याचीच ही नवी आवृत्ती होती.

एका कारखान्याची गावे

सोव्हिएत औद्योगिक व्यवस्थेचा एक विशेष म्हणजे एकाच कारखान्यावर जगणारी नगरे. रशियात अशा नगरांची संख्या तीनशेहून अधिक आहे. तेथे घरे, शाळा, दवाखाना, बालवाडी, इतकेच नव्हे तर हिवाळ्यात घरे उबदार ठेवणारे गरम पाणीही कारखान्याकडूनच मिळे. अशा ठिकाणी कारखान्याचे आचके सुरू झाले की सारे गावच आजारी पडे.

सेंट पीटर्सबर्गजवळील पिकाल्योवो या नगराचे उदाहरण बोलके आहे. तेथे नेफेलीन नावाच्या खनिजापासून अॅल्युमिना तयार होई, त्याच्या उरलेल्या चोथ्यापासून सिमेंट बने आणि त्याच प्रक्रियेतून सोडा व पोटॅश निघे. तिन्ही उत्पादने परस्परांवर अवलंबून होती. खाजगीकरणानंतर या एकाच संकुलाचे तीन तुकडे होऊन ते तीन मालकांकडे गेले. कच्च्या मालाच्या किमतीवरून त्यांच्यात वाद झाला आणि एका पाठोपाठ एक तिन्ही विभाग थांबले. जून २००९ मध्ये पगार थकलेल्या कामगारांनी महामार्ग अडविला, तेव्हा पंतप्रधानांना तेथे जाऊन मालकांकडून करार करून घ्यावा लागला. जोडधंद्यांनी बांधलेला उद्योग तुकड्यांनी विकला, तर तुकड्यांची बेरीज पूर्वीच्या उद्योगाइतकी होत नाही, हा यातील धडा होय.

सावरण्याचे मार्ग

सर्व देश एकाच वाटेने सावरले नाहीत. बाल्टिक किनाऱ्यावरील एस्टोनियाने आपला व्यापार लवकरच फिनलंड व स्वीडन यांच्याकडे वळविला. रशियाची उभारी मात्र १९९८ च्या ऑगस्टमधील आर्थिक पेचप्रसंगानंतर आली. रूबलची किंमत कोसळल्याने परदेशी माल महागला आणि देशी कारखान्यांना गिऱ्हाईक मिळाले; पाठोपाठ खनिज तेलाच्या किमतीही चढल्या.

कझाकस्तानातील तेमिरताऊ येथील पोलाद कारखान्याची कथा भारतीय वाचकास जवळची वाटेल. डबघाईस आलेला व पगार थकलेला हा प्रचंड कारखाना १९९५ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने घेतला. त्यांनी त्याबरोबर कोळशाच्या खाणीही घेतल्या आणि त्यामुळे इंधनाची साखळी पुन्हा जोडली गेली. कारखाना चालू लागला, परंतु सुरक्षिततेचा प्रश्न कायम राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील एका खाणीत झालेल्या स्फोटात ४६ कामगार मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर त्या संपूर्ण उद्योगाची मालकी बदलली. धुराडे पुन्हा पेटले म्हणजे उद्योग सावरला, असे म्हणता येत नाही. कामगाराचा जीव व त्याचा मोबदला यांची हमी हाही पुनरुज्जीवनाचाच भाग आहे.

साखर उद्योगाच्या दृष्टीने युक्रेनचे उदाहरण अधिक नेमके आहे. सोव्हिएत काळात हा प्रदेश बीटापासून साखर करण्यात अग्रेसर होता. स्वातंत्र्याच्या वेळी तेथे दीडशेहून अधिक साखर कारखाने होते. पुढे रशियाची बाजारपेठ उसाच्या स्वस्त कच्च्या साखरेने व्यापली. बियाणे, खते व डिझेल यांना पैसा उरला नाही आणि शेतकरी बीटाकडून सूर्यफूल व धान्याकडे वळला. दहा वर्षांत साखरेचे उत्पादन निम्म्याहून खाली आले आणि बहुसंख्य कारखाने कायमचे बंद झाले. जे टिकले, ते आपल्या परिसरातील बीटाची शेती स्वतःशी बांधून घेणारे होते.

साखर कारखाना बंद का पडतो

या पार्श्वभूमीवर ढोकीकडे पाहिले म्हणजे अनेक गोष्टी स्पष्ट होतात. तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही. तोडणीनंतर एका दिवसाच्या आत त्याचे गाळप होणे इष्ट असते, नाही तर वजन व साखरेचा उतारा दोन्ही घटतात. म्हणून कारखाना आपल्या परिसराशी जखडलेला असतो. पाऊस हुकला की ऊस कमी होतो, गाळपाचे दिवस घटतात. कर्जाचे व्याज आणि कायम कामगारांचा पगार मात्र घटत नाही. मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला, तसेच २०१२-१३ व २०१५-१६ ही वर्षेही पाहिली. त्यातच शेजारच्या कारखान्यांशी उसासाठी स्पर्धा असते. उसाचे बिल वेळेवर न मिळाल्यास शेतकरी पुढील हंगामात ऊस दुसरीकडे घालतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अन्वये चौदा दिवसांत बिल देणे बंधनकारक आहे. हा नियम पाळणे कारखान्याच्याही हिताचे आहे, ते यामुळेच.

एकदा कारखाना थांबला की प्रत्येक हंगामागणिक तो पुन्हा सुरू करणे महाग होत जाते. बॉयलरच्या नळ्या गंजतात, कुशल कामगार पांगतात. ढोकीच्या बाबतीत कर्ज, कामगारांची देणी आणि ताबा यांचे प्रश्न परस्परांत गुंतले. कर्ज देणारी जिल्हा मध्यवर्ती बँकही याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांची असल्याने कारखाना व बँक या दोन्हींचे हित एकाच दोराने बांधलेले होते. अखेर २०२० नंतरच्या वर्षांत दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने कारखाना खाजगी समूहाकडे देण्यात आला. विक्रीऐवजी भाडेपट्टा हा मार्ग असा आहे की त्यात संकुलाचे तुकडे पडत नाहीत आणि मूळ संस्थेचा हक्कही शिल्लक राहतो. मात्र भाड्याच्या रकमेतून कर्ज किती फिटते आणि जुन्या कामगारांची व सभासदांची देणी किती मिळतात, यावरच त्याचे यश मोजावे लागेल.

जोडधंदे आणि पाणी

आजचा साखर कारखाना केवळ साखरेवर जगू शकत नाही. उसाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बगॅस निघते, त्यावर वीज तयार होते. मळीपासून इथेनॉल मिळते. या जोडधंद्यांचे मोल २०२१ च्या करोना साथीत दिसून आले. कळंब तालुक्यातील चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पातील यंत्रणेत बदल करून रुग्णांसाठी प्राणवायू निर्माण केला. यंत्रे व कुशल हात चालू स्थितीत असले, म्हणजे उद्योग अनपेक्षित प्रसंगीही समाजाच्या कामी येतो.

तथापि पाण्याची मर्यादा विसरून चालणार नाही. ऊस हे अधिक पाणी लागणारे पीक आहे आणि धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. ठिबक सिंचनाचा अवलंब केल्याशिवाय आणि गाळप क्षमता उपलब्ध उसाशी जुळविल्याशिवाय सुरू झालेले कारखाने पुढील दुष्काळात पुन्हा थांबण्याचा धोका राहील. एका कारखान्यावर विसंबलेल्या रशियन नगरांचे जे झाले, ते टाळावयाचे तर जिल्ह्याने अनेक आधार शोधले पाहिजेत. असे आधार येथे आहेत. भूम तालुक्यातील कुंथलगिरीच्या खव्यास भौगोलिक मानांकन लाभले आहे. उस्मानाबादी शेळीची देशभर ख्याती आहे. सोयाबीन व तूर यांवरील प्रक्रिया उद्योगांना वाव आहे. कौडगावच्या औद्योगिक क्षेत्रात तांत्रिक वस्त्रोद्योगाची योजना आखण्यात आली आहे. ती फळास आल्यास तगरच्या विणकरांचा वारसा नव्या रूपाने परत येईल. एके काळच्या बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग रुंद झाल्याने ढोकी व तेर ही स्थानके देशाच्या मुख्य लोहमार्गांशी जोडली गेली आहेत.

सोव्हिएतोत्तर देशांच्या अनुभवावरून असे दिसते की बंद उद्योग केवळ नव्या मालकाने किंवा केवळ सरकारी मदतीने उभा राहत नाही. कच्चा माल, बाजारपेठ, खेळते भांडवल आणि कामगाराचा विश्वास या चारही कड्या एकत्र जुळाव्या लागतात. तेरणाकाठच्या शेतकऱ्याने आपला ऊस पुन्हा विश्वासाने ढोकीकडे वळविला आणि त्याचे बिल मुदतीत त्याच्या हाती पडले, तर या साखळीची सर्वांत महत्त्वाची कडी जुळली असे म्हणता येईल.